हिरव्या व्हॅनिलाला वास नसतोच
वेलाला शेंगा धरल्या पण वास शून्य, म्हणजे रोप भलत्याच जातीचं, असं काही जण म्हणतात. पटलं नाही. ताज्या हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास येतच नाही, कारण त्यातलं व्हॅनिलिन (म्हणजे वास देणारा घटक) ग्लुकोजशी बांधलेलं असतं. शेंगा साधारण ६५ अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवतात, मग गरम असतानाच घोंगडीत गुंडाळून घाम फोडतात. शेंगेतलीच विकरं (एन्झाइम) ती गाठ सोडवतात. पुढे रोज थोडं ऊन, रात्री परत गुंडाळणं, आणि सावलीत संथ वाळवण, महिने जातात. हाताने परागीकरण सगळे कौतुकाने सांगतात (१८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने ती सोपी रीत शोधली), पण खरी चिकाटी लागते ती या पुढच्या कामाला.

आणखी एक, मुरलेल्या शेंगेवर पांढरं काही दिसलं तर लगेच फेकू नका. उजेडात धरून बघा. सुयांसारखे चकाकणारे कण असतील तर ते व्हॅनिलिनचे स्फटिक. मऊ, निस्तेज, कापसासारखं असेल तर मात्र बुरशी, ती शेंग बाहेर.