डेबियनसाठी ग्राफिक्स कार्ड : मुक्त ड्रायव्हर हाच निकष धरला, तर काय घ्यावे?

पेंग्विनप्रेमी (प्रश्न)

नमस्कार. घरच्या संगणकावर मी डेबियन १२ हे लिनक्स वितरण वापरतो आणि त्यातले जुने ग्राफिक्स कार्ड आता बदलायचे आहे. डार्कटेबलमध्ये छायाचित्रांचे काम, अधूनमधून ब्लेंडरमध्ये रेंडरिंग आणि स्टीमवरचे काही खेळ एवढाच माझा वापर आहे. पुढेमागे फोर-के टीव्हीही जोडायचा आहे. अट एकच, की ड्रायव्हर मुक्त स्रोत असावा, तो कर्नलबरोबरच (लिनक्सच्या गाभ्याबरोबरच) यावा आणि कर्नल अद्ययावत झाला की वेगळे मॉड्यूल पुन्हा बांधत बसावे लागू नये. ‘एएमडी घ्या आणि मोकळे व्हा’ असा सल्ला बहुतेक जण देतात; पण एन्व्हिडियानेही ड्रायव्हर खुला केल्याचे ऐकतो आणि इंटेलची कार्डे तुलनेने स्वस्त दिसतात. नेमके काय पाहून ठरवावे?

मेसावाचक

‘ड्रायव्हर खुला आहे का’ याचे उत्तर नुसते हो किंवा नाही असे देता येत नाही, कारण त्याचे तीन थर असतात : कर्नलमधला भाग, ओपनजीएल व व्हल्कन (प्रोग्रॅम ज्यांतून कार्डाकडून चित्रे काढून घेतात ते संच) पुरवणारा वरचा भाग आणि कार्डावर चढवले जाणारे फर्मवेअर, म्हणजे कार्डाचा अंतर्गत प्रोग्रॅम. एएमडीचा कर्नलमधला एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर २०१५ साली लिनक्स ४.२ मध्ये आला. वरचा भाग मेसा या मुक्त ग्राफिक्स प्रकल्पात असून त्यातला व्हल्कनचा आरएडीव्ही ड्रायव्हर एएमडीच्या बाहेरच्या लोकांनी सुरू केला होता. गंमत म्हणजे २०२५ मध्ये एएमडीने स्वतःचा एएमडीव्हीएलके हा व्हल्कन ड्रायव्हर बंद करून आरएडीव्हीलाच अधिकृत पाठिंबा दिला. फर्मवेअर मात्र तिन्ही कंपन्यांचे बंदच आहे, तेव्हा ‘शंभर टक्के मुक्त’ असे आधुनिक कार्ड यांच्याकडे मिळणार नाही, हे आधीच मान्य करावे.

एन्व्हिडियाने मे २०२२ मध्ये खुले केले ते कर्नल मॉड्यूल, तेही ट्युरिंग पिढी आणि त्यानंतरच्या कार्डांपुरते. ते मूळ कर्नलचा भाग नाही आणि त्यावरचा ओपनजीएल, व्हल्कन व कुडाचा (एन्व्हिडियाच्या गणनाप्रणालीचा) भाग अजून बंद आहे, म्हणजे तुमची अट तिथेच मोडते. मेसामधला एनव्हीके हा स्वतंत्र व्हल्कन ड्रायव्हर वेगाने सुधारतो आहे. तो कर्नलमधल्या नूव्हो या एन्व्हिडिया कार्डांच्या मुक्त ड्रायव्हरवर चालतो आणि ट्युरिंगपासूनच्या कार्डांना पूर्ण गती देण्यासाठी लागणारा जीएसपी (कार्डावरचा नियंत्रक) फर्मवेअरचा आधार नूव्होला लिनक्स ६.७ पासून मिळाला. प्रयोग म्हणून तो जरूर पाहावा, पण त्याच्या भरवशावर आज नवे कार्ड विकत घ्यावे असे मला वाटत नाही.

स्थिरशाखा

वरील उत्तरात एक गोष्ट जोडावीशी वाटते, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत तीच निर्णायक आहे : ड्रायव्हर खुला असून भागत नाही, तो तुमच्या वितरणापर्यंत पोहोचलेला असावा लागतो. डेबियन १२ मध्ये कर्नल ६.१ आणि मेसा २२.३ आहे. मार्च २०२५ मध्ये आलेले एएमडीचे आरएक्स ९०७० त्यावर नीट चालणार नाही, कारण त्याचा आधार त्या आवृत्त्यांनंतर लिहिला गेला. इंटेलच्या आर्क ए-मालिकेचेही तसेच. तिचा आधार लिनक्स ६.२ पासून आपोआप सुरू होतो, म्हणजे तुमचा कर्नल नेमका एका पायरीने मागे राहतो. शिवाय आर्क कार्डांना मदरबोर्डवर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी स्मृती एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर वेग बराच घटतो, म्हणून मदरबोर्ड जुना असल्यास स्वस्ताईला भुलू नये.

डेबियन १२ वरच राहायचे असेल तर एएमडीचे २०२१ सालचे आरएक्स ६६०० हे आठ जीबी स्मृतीचे कार्ड बिनघोर घ्यावे. फर्मवेअरसाठी डेबियनच्या पॅकेजांचा ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभाग सुरू आहे ना, तेवढे तपासा.

पेंग्विनप्रेमी

आभारी आहे. डेबियन १३ वर जायची माझी तयारी आहे. मग ब्लेंडर आणि टीव्ही यांबाबत काही अडचण येईल का?

मेसावाचक

डेबियन १३ मध्ये कर्नल ६.१२ आणि मेसा २५.० असल्याने निवडीला बरीच मोकळीक मिळते. इंटेलचे बारा जीबीचे बी५८० देखील विचारात घेता येईल. ब्लेंडरमध्ये एएमडी कार्डावर सायकल्स या त्याच्या इंजिनाचे रेंडरिंग एचआयपी या एएमडीच्या गणनाप्रणालीमार्फत होते आणि लिनक्सवर ही सोय ३.२ आवृत्तीपासून आहे. एचआयपी खुले असले तरी ते मेसाचा भाग नाही, वेगळे बसवावे लागते. आरएक्स ६६०० आरओसीएम या एएमडीच्या गणना-संचाच्या अधिकृत यादीत नाही, त्यामुळे ब्लेंडरबाहेरचे गणनाकाम करायचे झाल्यास खटपट करावी लागेल. रेंडरिंग हेच तुमचे पोटापाण्याचे काम असते, तर मी नाइलाजाने एन्व्हिडियाच सुचवले असते.

टीव्हीचा प्रश्न वेगळा आहे. एचडीएमआय २.१ (टीव्ही जोडणीचे मानक) चा आधार खुल्या ड्रायव्हरमध्ये देण्याचा एएमडीचा प्रस्ताव ते मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने नाकारल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. कार्डावर २.१ ची खाच असली, तरी पूर्ण रंगांसह फोर-के चित्र साठ हर्ट्‌झपर्यंतच मिळेल असे धरून चाला. चित्रपटांसाठी ते पुरेसे आहे. १२० हर्ट्‌झ हवे असल्यास डिस्प्लेपोर्ट असलेला मॉनिटर घ्यावा, कारण टीव्हीवर ती खाच सहसा नसते.