गाडीच्या वायरिंगमधली अर्थिंगची वायर खात्रीने कशी ओळखावी?

प्रश्न

नमस्कार. गाडीतला जुना म्युझिक सिस्टिम काढून नवा बसवायचा आहे. आधीच्या मालकाने मूळ कनेक्टर कापून टाकल्यामुळे डॅशबोर्डमागे सुट्या वायरींचा जुडगा तेवढा उरला आहे. त्यातल्या दोन वायरी काळ्या आहेत, एक तपकिरी आहे आणि एका काळ्या वायरीवर पांढरी रेघ आहे. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (मार्ग जोडलेला असल्यास वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून एक टोक बॉडीला आणि दुसरे एकेका वायरीला लावले, तेव्हा तपकिरी सोडून बाकी तिन्ही वायरींवर मीटर वाजला. तिन्ही अर्थिंगच्याच, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणाऱ्या, असतील असे वाटत नाही, आणि वायरिंगचा आराखडा हाताशी नाही. काही बिघडू न देता खरी अर्थिंगची वायर कोणती हे कसे ठरवावे?

पहिला प्रतिसाद

रंगावरून अंदाज बांधता येतो, पण निर्णय घेता येत नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक म्युझिक सिस्टिमच्या स्वतःच्या वायरींमध्ये काळी अर्थिंगची, पिवळी कायम १२ व्होल्टची आणि लाल चावी फिरवल्यावर वीज येणारी असते. परंतु हे रंग सेटच्या बाजूचे आहेत, गाडीच्या बाजूने प्रत्येक उत्पादकाची पद्धत निराळी असते. जर्मन गाड्यांमध्ये अर्थिंगला साधारणपणे तपकिरी वायर वापरतात, तर टोयोटाच्या अनेक गाड्यांत ती पांढरी आणि काळ्या रेघेची असते. कापलेल्या कनेक्टरचा तुकडा जुन्या सेटमध्ये अजून अडकलेला असेल, तर तो मात्र टाकू नका. त्याच्या उरलेल्या वायरींचे रंग आणि सेटच्या मागील बाजूस छापलेली आकृती जुळवून पाहिल्यास निम्मे काम होते.

दुसरा प्रतिसाद

मीटर वाजला म्हणजे वायर अर्थिंगची, हा समज फार पसरलेला आहे आणि त्यातूनच सर्वाधिक घोटाळे होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मीटरला फक्त एवढेच कळते की त्या वायरीपासून बॉडीपर्यंत कमी रोधाचा कोणता तरी मार्ग आहे. तो थेट आहे की मध्ये एखादा बल्ब आहे, हे त्याला कळत नाही. थंड असताना बल्बच्या तारेचा रोध पेटलेल्या अवस्थेच्या मानाने कितीतरी कमी असतो आणि असे अनेक बल्ब समांतर जोडलेले असले की तो आणखी घटतो. म्युझिक सिस्टिमपर्यंत बहुधा एक वायर डॅशबोर्डच्या दिव्यांच्या सर्किटमधून आलेली असते, आणि पार्किंग लाइट बंद असताना तीही अर्थिंगसारखीच वाजू शकते. आपली पांढऱ्या रेघेची वायर हीच असण्याचा दाट संभव आहे.

म्हणून आधी व्होल्टेज पाहावे. सर्व टोके एकमेकांना किंवा बॉडीला लागणार नाहीत अशी टेप लावून वेगळी करा. मीटर डीसीच्या २० व्होल्ट रेंजवर ठेवा आणि लाल प्रोब मीटरच्या अॅम्पिअरच्या सॉकेटमध्ये राहिलेला नाही हे पाहून घ्या, कारण तसा मीटर वीज असलेल्या वायरीला लावणे म्हणजे शॉर्ट करणेच होय. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा रंग नसलेल्या, स्वच्छ बोल्टला धरा आणि प्रत्येक वायर चावी बंद, अॅक्सेसरीवर, पूर्ण चालू, पार्किंग लाइट लावून आणि दार उघडून तपासा. यांपैकी एकाही अवस्थेत जिच्यावर व्होल्टेज दिसले, ती वायर बाद.

उरलेल्या वायरींवर भार टाकून पाहावे लागते. ५ वॉटचा साध्या बल्बचा टेस्टलॅम्प घ्या. एलईडीचा चालणार नाही, कारण तो पुरेसा करंट ओढत नाही. त्याचे एक टोक फ्यूजमधून आलेल्या कायम १२ व्होल्टला आणि दुसरे संशयित वायरीला जोडा. दिवा पेटलेला असताना त्या वायरीचे टोक आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामधील व्होल्टेज मोजा. अर्थिंग चांगले असेल तर ते ०.१ व्होल्टच्या आत राहते. दिव्याच्या उजेडावर जाऊ नका, हा आकडाच निर्णायक मानावा. एकमेकींभोवती पिळलेल्या बारीक वायरींच्या जोडीला मात्र टेस्टलॅम्प कधीही लावू नये. त्या बहुधा संदेशवहनाच्या असतात आणि त्यांच्या टोकाला कंट्रोल युनिट असते.

तिसरा प्रतिसाद

वरील पद्धत योग्य आहे, पण एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. पिवळ्या आवरणातील वायरी आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांना टेस्टलॅम्प तर नाहीच, मीटरही लावू नका, कारण कंटिन्युइटी तपासताना मीटर स्वतः करंट सोडतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतील नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांच्याजवळ हे काम करूच नये. प्रत्यक्ष जोडणी करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढावी आणि शेवटी लावावी, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे आभार. पांढऱ्या रेघेच्या वायरीवर पार्किंग लाइट लावताच १२ व्होल्ट आले, म्हणजे दुसऱ्या प्रतिसादातील अंदाज बरोबर ठरला. उरलेल्या दोन काळ्या वायरींपैकी एकीवर टेस्टलॅम्प पेटलेला असताना ०.०३ व्होल्ट आणि दुसरीवर ०.९ व्होल्ट मिळाले. तपकिरी वायर बॉडीशी वाजत नाही, मात्र जुडग्यातील आणखी एका वायरीशी सुमारे ४ ओहम दाखवते. ती स्पीकरची निगेटिव्ह असेल, तर तीही अर्थिंगला जोडावी का?

दुसऱ्या प्रतिसादाचे लेखक

तपकिरी आणि तिची जोडीदार या स्पीकरच्याच दिसतात, आणि तिला अर्थिंगला मुळीच जोडू नका. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या तुलनेत सुमारे ६ व्होल्ट असतात, त्यामुळे तशी जोडणी केल्यास सेटमधील अॅम्प्लिफायर जळू शकतो. ०.०३ व्होल्टची काळी वायर वापरा. ०.९ व्होल्टच्या वायरीच्या मार्गात एक तर गंज आहे किंवा एखादे उपकरण. दोन्ही परिस्थितींत ती टेप लावून बाजूला ठेवावी. पुढे वेगळा अॅम्प्लिफायर बसवणार असाल, तर त्याचे अर्थिंग या बारीक वायरीवरून घेऊ नका. त्याच्या पॉझिटिव्हइतकीच जाड वायर गोल लग (टोकाला बसणारी धातूची कडी) लावून, रंग खरवडलेल्या बॉडीच्या पत्र्यावर बोल्टने आवळा. सीटबेल्टचा किंवा एअरबॅगच्या युनिटचा बोल्ट त्यासाठी वापरू नका.