व्हीलचेअर रेसिंग : दीर्घ खंडानंतर पुन्हा स्पर्धेत उतरताना

प्रश्न – जुनी_लेन

नमस्कार. मी टी-५४ वर्गात (हात आणि धड यांवर चांगले नियंत्रण असलेल्या व्हीलचेअर खेळाडूंचा वर्ग) ४०० आणि ८०० मीटरच्या शर्यतींमध्ये भाग घेत असे. नोकरी, संसार आणि मधले एक आजारपण यांमुळे सराव आधी विरळ झाला आणि मग पूर्णपणे सुटला, त्याला आता बरीच वर्षे झाली. रेसिंगची खुर्ची मात्र विकली नव्हती. गेल्या काही आठवड्यांपासून ती रोलरवर (जागच्या जागी चाके फिरवण्याच्या साधनावर) चढवून मी पुन्हा हात चालवू लागलो आहे. दमसास अपेक्षेपेक्षा लवकर परत येत आहे. परंतु सरावाच्या दुसऱ्या दिवशी उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखते आणि पलंगावरून रोजच्या खुर्चीत सरकताना ते विशेष जाणवते.

माझे जुने सरावाचे वेळापत्रक वहीत जसेच्या तसे आहे. तेच निम्म्यावर आणून सुरू केले तर चालेल का? पहिली स्पर्धा कोणत्या अंतराची निवडावी? आणि वर्गीकरण पुन्हा करून घ्यावे लागते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – कंडरा_आणि_कणा

दमसास लवकर परत येतो आहे, ही आनंदाची बातमी असली तरी धोका नेमका तिथेच आहे. हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांच्या सरावाला प्रतिसाद देतात. खांद्याच्या कंडरांना मात्र तेवढाच भार पेलण्याची तयारी करायला कित्येक महिने लागतात. परिणामी श्वास ‘अजून एक फेरी’ म्हणत असतो, तेव्हा खांद्याची ताकद संपलेली असते आणि त्याची सूचना दुसऱ्या दिवशी सकाळी मिळते. तुमच्या बाबतीत ती मिळालेली आहे, तेव्हा सर्वप्रथम फिजिओथेरपिस्टकडून खांदा तपासून घ्या. पुढच्या बाजूचे दुखणे पुष्कळदा दंडाच्या स्नायूच्या कंडरेचे किंवा रोटेटर कफचे (खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायू-कंडरांचे) असते, पण ते कशाचे आहे हे हात लावून पाहिल्याशिवाय कोणी सांगू नये.

वहीतले वेळापत्रक निम्मे करण्याच्या मी विरोधात आहे. निम्मे करताना आपण अंतर कमी करतो आणि वेग तोच धरतो; प्रत्यक्षात खांद्याला जड जातो तो वेग, आणि त्याहूनही जड जातो तो जागेवरून घेतलेला स्टार्ट, कारण थांबलेली खुर्ची हलवण्यासाठीचे पहिले काही पुश (चाकाला हाताने दिलेले रेटे) पूर्ण ताकदीचे असतात. म्हणून क्रम असा ठेवा : आधी हळू आणि सलग, मग मध्यम वेगाचे तुकडे, मग वेगवान तुकडे आणि स्टार्ट अगदी शेवटी. रेसिंगच्या खुर्चीत एक दिवसाआड बसावे. मधल्या दिवशी ओढण्याचे व्यायाम (रोइंग, दंड बाहेरच्या दिशेने फिरवणे, खवाट्याचे स्नायू मागे आवळणे) करावेत, कारण पुश करताना छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायूच बळकट होत जातात आणि मागची बाजू दुबळी राहते.

आणखी एक गोष्ट प्रशिक्षकही पुष्कळदा विसरतात. पायांनी धावणारा खेळाडू सराव संपल्यावर पाय वर करून पडू शकतो. आपल्याला त्याच खांद्यांवर पलंग, स्नानगृह आणि मोटार यांतली सगळी ये-जा करायची असते. ज्या दिवशी अशी ये-जा जास्त होते, त्या दिवशीचा सराव तेवढा कमी करावा. सरकताना होणारी वेदना दुसऱ्या दिवशीही टिकली किंवा रात्री झोपमोड करू लागली, तर पुढचे सत्र रद्द करावे. त्यात मोडता घालणारे मन कितीही हट्टी असो.

त्वचेकडेही लक्ष द्या. रेसिंगच्या खुर्चीत गुडघ्यांवर बसण्याची सवय मोडलेली असते, त्यामुळे सुरुवातीची सत्रे पंधरा-वीस मिनिटांची ठेवा आणि खुर्चीतून उतरल्यावर गुडघे, नडग्या आणि माकडहाड आरशात पाहा. लाली थोड्या वेळात मावळायला हवी. मावळली नाही, तर ती जागा पूर्ववत होईपर्यंत रेसिंगच्या खुर्चीत बसूच नये.

उत्तर – तिसरे_चाक

शरीराबद्दल वर उत्तम लिहिले आहे, मी खुर्चीबद्दल लिहितो. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या खुर्चीतली सगळ्यात घातक वस्तू म्हणजे ट्युब्युलर (रिमला गोंदाने चिकटवलेल्या) टायरखालचा वाळलेला गोंद. रोलरवर काहीच जाणवत नाही. वळणावर बाजूचा दाब आला की टायर रिमवरून निसटतो. हवा काढून टाका आणि टायर अंगठ्याने बाजूला ढकलून सगळा घेर तपासा. काठ जरासा जरी उचलला गेला, तरी टायर उतरवून नव्याने चिकटवा. पुशरिमवरचे (हाताने रेटण्याच्या कड्यावरचे) रबरही कडक होऊन गुळगुळीत होते. मग हात घसरू नये म्हणून खेळाडू नकळत जास्त जोर लावतो. तुमच्या खांद्यामागे हेही एक कारण असू शकेल. फ्रेमचे जोड, विशेषतः आस आणि पुढचा काटा यांच्याजवळचे, बारीक भेगांसाठी उजेडात पाहावेत.

त्यानंतर कॉम्पेन्सेटर, म्हणजे वळणावर पुढचे चाक वळवणारी यंत्रणा. ट्रॅकच्या वळणात शिरताना हाताने टोला मारला की पुढचे चाक ठरलेल्या कोनात वळते आणि बाहेर पडताना उलटा टोला मारला की सरळ होते. हे दोन्ही थांबे आपोआप सैल होतात. रिकाम्या ट्रॅकवर सावकाश वळण घ्या. टोला मारल्यानंतर खुर्ची लेनच्या रेषेला समांतर न राहता आत किंवा बाहेर सरकत असेल, तर थांबे पुन्हा बसवा.

बसकाही तपासा. वजन दोन-चार किलोंनी बदलले तरी कंबर एक तर अडकते किंवा हलते, आणि हलणाऱ्या कंबरेने पुश केला की बरीच ताकद वाया जाते. ग्लव्ह्जचेही तसेच आहे. पुश करण्याची पद्धत अंगात मुरलेली असते असे म्हणतात, पण मुरलेल्या पद्धतीत जुन्या खोडीही असतात. कोणाला तरी बाजूने चित्रीकरण करायला सांगा : हात रिमला घड्याळातल्या एकच्या सुमारास टेकायला हवा आणि साधारण सहा-सातपर्यंत साथ द्यायला हवी. दमल्यावर हा कंस आखूड होतो आणि खेळाडू पुशची संख्या वाढवून वेग राखतो. खांदे भरतात ते याच टप्प्यावर.

जुनी_लेन

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टायर तपासले. उजवीकडच्या टायरचा काठ वीतभर लांबीत अंगठ्याने सहज उचलला गेला, म्हणून दोन्ही उतरवले आहेत. खांदा या आठवड्यात दाखवतो. पहिल्या स्पर्धेबद्दल मात्र माझे मन ८०० मीटरकडेच ओढ घेत आहे.

उत्तर – बारावी_फेरी

८०० मीटर आत्ता नको, असे मला स्पष्टपणे वाटते. त्या शर्यतीत लेन सुटल्यावर सगळे आत वळतात आणि समोरच्याच्या चाकामागे, हाताच्या अंतरावर राहावे लागते. हवेचा अडथळा टाळण्यासाठी ते आवश्यकच असते, परंतु ही नजर आणि हा अंदाज रोलरवर कमावता येत नाही. २००८ च्या बीजिंग पॅरालिम्पिकमध्ये महिलांच्या टी-५४ ५००० मीटरच्या अंतिम फेरीत शेवटाकडे मोठी धडक झाली आणि शर्यत पुन्हा घ्यावी लागली. त्या सगळ्या जगातल्या उत्तम खेळाडू होत्या. स्वित्झर्लंडची एडिथ हुंकेलर त्या धडकेत सापडली होती. पुढे ती आई झाली आणि २०१२ मध्ये लंडनला याच अंतराचे सुवर्णपदक तिने मिळवले. तेव्हा खंड पडला म्हणजे दार बंद झाले, असे मुळीच नाही.

माझा सल्ला असा : पहिली स्पर्धा १०० किंवा २०० मीटरची नको, कारण तिथे सगळा खेळ स्टार्टचा असतो, ८०० ची नको, कारण तिथे गर्दी असते. सपाट रस्त्यावरची ५ किंवा १० किलोमीटरची शर्यत घ्या, मागच्या बाजूने सुटा आणि वेळेकडे पाहू नका. हेल्मेट रस्त्यावर अनिवार्य असते, तसेच ते ट्रॅकवरही ८०० मीटर व त्यापुढील शर्यतींना लागते. जुने असेल तर नवेच घ्यावे.

उत्तर – कंडरा_आणि_कणा

रस्त्याबद्दल थोडे वेगळे मत नोंदवतो. उतार आला की खुर्ची ताशी ५० किलोमीटरच्या वर सहज जाते आणि ब्रेक नावापुरता असतो. मार्ग सपाट असल्याची खात्री नसेल, तर ट्रॅकवर ४०० मीटर लेनमध्येच पूर्ण करणे मला अधिक सुरक्षित वाटते. फक्त स्टार्ट पूर्ण जोराने घेऊ नये.

ज्या वाचकांची मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर आहे, त्यांच्यासाठी एक भर. इजेच्या खाली घाम नीट येत नाही, त्यामुळे उष्म्यात शरीर पटकन तापते. पाण्याचा फवारा आणि सावली यांची सोय आधीच करावी. मानेच्या पातळीवरची इजा असेल तर नाडीचा वेगही १२०-१३० च्या आसपास अडतो. अशा खेळाडूंनी घड्याळातल्या नाडीवर विसंबू नये, श्रम किती जाणवतात यावरून तीव्रता ठरवावी.

उत्तर – बारावी_फेरी

लेनमधले ४०० मीटर मलाही मान्य आहे. वर्गीकरणाचा प्रश्न राहून गेला होता. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय वर्गीकरण या स्वतंत्र बाबी आहेत. आंतरराष्ट्रीय यादीत तुमचे नाव असेल, तर वर्गापुढचा दर्जा पाहा. तो ‘निश्चित’ असेल तर साधारणतः पुन्हा तपासणी होत नाही, ‘पुनरावलोकन’ असेल तर होते. मात्र मधल्या आजारपणाने धडाची किंवा हातांची ताकद बदलली असेल, तर ते राष्ट्रीय महासंघामार्फत कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. टी-५३ आणि टी-५४ यांतला फरक मुख्यतः धडाच्या नियंत्रणाचाच असल्याने ही बाब किरकोळ समजू नये.

आजारपणात सुरू झालेली औषधे उत्तेजकांच्या निषिद्ध यादीशी ताडून पाहा आणि गरज पडल्यास उपचारार्थ सवलतीचा अर्ज स्पर्धेच्या आधी करा. तुम्ही पूर्वी उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत गटात असताना निवृत्ती कळवली असेल, तर पुनरागमनाची लेखी सूचना सहा महिने आधी द्यावी लागते आणि तेवढा काळ चाचणीसाठी उपलब्ध राहावे लागते. तसे असेल तर ते पत्र आजच पाठवा; खांदा बरा होईपर्यंत ती मुदतही सरत जाईल.