मदत हवी आहे: वादळामागे फिरणारी डिझेल जीप उभ्या उभ्या तापते

राम राम मंडळी,

रावेर-यावल पट्ट्यात एप्रिलपासून मृग लागेपर्यंत दुपारी ढग जमले की आम्ही दोघं-तिघं जीप काढतो. सातपुड्याकडून उठलेलं वादळ कोणत्या शिवाराकडे चाललंय ते बघायचं आणि पुढच्या गावांत फोन करायचे. विजांसाठी ‘दामिनी’ ॲप असतंच. घडावर आलेली केळी वाचत नाही, पण बागेतले मजूर वेळेत बाहेर निघतात. त्यामुळे ऐन वेळी गाडीने दगा दिलेला चालत नाही.

जीप जुनी, डिझेल. पंखा बेल्टवरचा, व्हिस्कस कपलिंगचा (म्हणजे तापल्यावर पंख्याला घट्ट धरून फिरवणारा, आत दाट तेल असलेला जोड). बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला पळताना तापमानाचा काटा निम्म्यावर असतो. बांधाला उभी करून इंजिन चालू ठेवलं की चढायला लागतो. बंद करता येत नाही, गारा आल्या तर लगेच निघावं लागतं. विजांमुळे काचा बंद, म्हणून एसीही लागतो. इकडे पारा ४४-४५ला जातो हे धरलं तरी एक गोष्ट खटकते: गाडीचं तोंड वाऱ्याकडे केलं की तोच काटा खाली येतो!

म्हणजे पंखा हवा ओढत नसावा. रेडिएटर बाहेरून धुतला, बराच धुरळा निघाला, फरक मात्र थोडाच. कूलंट कमी होत नाही, ऑइलमध्ये पाणी नाही, तेव्हा हेड गॅस्केटचा (इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगचा) संशय नाही. तापलेलं इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवला तर भिंगरीसारखा मोकळा फिरतो. कपलिंग गेलं असेल ना?

आता दुसरं दुखणं. आयडलिंगला एसी, हेडलाइट, लॅपटॉप चालू असताना बॅटरीवर जेमतेम १२.६ व्होल्ट, रेस दिली की १४. आणि पहिली सर आली की बेल्ट किंचाळतो. पंखा, वॉटर पंप, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर सगळं त्याच एका बेल्टवर आहे. मग दोन्ही दुखण्यांचं मूळ बेल्टच तर नाही? नुसता ताणून भागेल की बदलूच?

गॅरेजवाले म्हणतात, कपलिंग काढा, इलेक्ट्रिक पंखा बसवा. पण त्याचा भार पुन्हा त्याच अल्टरनेटरवर येणार, म्हणून मन धजत नाही. कुणी बसवलाय का? उभ्या गाडीत, एसी चालू असताना व्होल्टेज किती राहतं?

बोअरवेलच्या नाहीतर हार्वेस्टरच्या गाड्या सांभाळणाऱ्यांनी जरूर सांगावं, त्यांची इंजिनं उन्हात तासन् तास जागेवरच चालतात. ढग रोज जमताहेत, तेव्हा जळगावात एका दिवसात होईल असा उपाय आधी सुचवा.