एअर रायफलचा ट्रिगर अडकल्यासारखा होतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते, आम्ही कोल्हापूरचे. रायफल जुनी घेतलेली, पण मॅच ग्रेड (स्पर्धेच्या दर्जाची), टू-स्टेज म्हणजे दोन टप्प्यांत दाबायच्या ट्रिगरची. पावसाळाभर ट्रिगर व्यवस्थित होता. आता पहिली स्टेज मऊ जाते, पण दुसऱ्या स्टेजला बोट टेकवून दाब वाढवला की मध्येच किंचित खरखर लागते, मग सुटतो. ६० शॉट्समध्ये ती खरखर पाच-सहा वेळा तरी येते आणि तिथेच तिचा दहाऐवजी नऊचा शॉट जातो. पोरगी रडवेली झालीय.

मागच्या महिन्यात रेंजवर एकाने प्रेमाने गंजरोधक स्प्रे मारून दिला होता. टॉर्च लावून पाहिलं तर ट्रिगरच्या खाचेत तपकिरी चिकट थर आणि त्यावर कापसाचे बारीक तंतू दिसले. मला वाटतं मूळ दुखणं तेच आहे.

हवेचा सिलिंडर काढून, आत छर्रा नाही याची खात्री करून बाहेरून कोरड्या ब्रशने झाडलंय. स्क्रूंना हात लावलेला नाही. ट्रिगरचं सेटिंग तिच्या बोटाला बसलेलं आहे, ते हलायला नको.

ट्रिगर युनिट न खोलता तो चिकटा काढता येतो का? लायटरचं पेट्रोल चालतं असं ऐकलं, पण आतल्या रबरी सीलची भीती वाटते. नंतर तेलाचा थेंब द्यायचा की कोरडंच ठेवायचं? कोल्हापूर किंवा पुण्यात, बालेवाडीच्या बाजूला, ट्रिगर उघडणारा जाणता कारागीर असेल तर कृपया सांगा. जिल्हा स्पर्धा तोंडावर आहे.