नुसती ल्यूथरची बायको?
कॅथरिना फॉन बोरा म्हणजे 'जर्मन ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची बायको, बस्स' हे काही पटलं नाही बुवा. १५२३च्या ईस्टरला मठातून पळालेली ही नन १५२५मध्ये ल्यूथरशी लग्न करून जर्मनीतल्या विटेनबर्ग गावी, तो राहायचा त्या जुन्या मठात राहायला आली आणि तिथला सगळा पसारा तिनेच ओढला. घरची बियर, डुकरं, बाग, शिवाय रोज विद्यार्थ्यांची पंगत! ल्यूथर तिला गमतीने 'केटीसाहेब' म्हणे. १५४६च्या एका पत्रावर तर पत्त्यात चक्क 'डुक्करबाजारवाली' लिहिलंय. (आमच्याकडे असं लिहून बघा!) नवरा गेल्यावर मात्र तिचे हाल झाले. १५५२मध्ये प्लेगमुळे मुलांना घेऊन तोरगाऊ या गावाला निघाली, वाटेत घोडे उधळले, ती पाण्याच्या चरात पडली. त्यातून सावरलीच नाही. डिसेंबरात तोरगाऊलाच वारली.