८१ वर्षांच्या आईला रक्त पातळ करणारी गोळी नाकारली, हे बरोबर होतं का?

सुनेत्रा_के: आईला एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित. "पडल्या तर डोक्यात रक्तस्राव होईल" म्हणून डॉक्टरांनी ती गोळी टाळली, नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ठेवलं. चौदा महिन्यांनी एका सकाळी तिच्या हातातून चहाचा कप निसटला, तोंड वाकडं झालं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट. तो मोजायच्या गुणांकनात पंचाहत्तरीचेच २ गुण धरतात. मग वयाचं कारण सांगून गोळी नाकारायची कशी?

माधव, तालुक्याच्या गावाहून: ताई, वाचून जीव कळवळला. पण आमचंही ऐका. बाबा वॉर्फरिनवर होते, म्हणजे रक्त पातळ करायच्या जुन्या गोळीवर. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, २ ते ३ मध्ये राहायला हवा आणि तपासायला ४० किलोमीटर एसटीने जायचं. मध्येच कुणी अँटिबायोटिक दिलं, आकडा सहावर गेला. काळं शौच, रक्ताच्या तीन बाटल्या. सरसकट द्या म्हणू नका.

फिजिशियन_पुणे: माधवराव, तुमच्याकडे तपासणीची सोय तोकडी पडली, तो दोष वयाचा नव्हे. इंग्लंड-वेल्समध्ये पंचाहत्तरीपुढच्यांवरच बाफ्टा चाचणी झाली, निकाल २००७ साली आले. अ‍ॅस्पिरिनच्या तुलनेत वॉर्फरिनवर पक्षाघाताचे गंभीर झटके निम्म्याहून कमी, मोठे रक्तस्राव जवळपास तेवढेच. अ‍ॅस्पिरिन "सौम्य" म्हणून देणं ही मला सगळ्यात घातक सवय वाटते. पडण्याचं म्हणाल, तर १९९९ च्या एका गणितानुसार वर्षात सुमारे २९५ वेळा पडलं तरच धोका फायद्यापेक्षा वरचढ ठरतो. एपिक्साबानसारख्या नव्या गोळ्यांना आयएनआर लागतही नाही.

माधव: गणितात माझे बाबा नव्हते, डॉक्टरसाहेब. आणि नव्या गोळ्यांचंही सरळ नाही. नेदरलँड्समध्ये वॉर्फरिनसारख्या गोळ्यांवर असलेल्या थकलेल्या वृद्धांना या नव्या गोळ्यांवर आणलं, तर रक्तस्राव वाढले. २०२३ चीच गोष्ट. किडनी कशी, वजन किती, हे बघणार कोण?

फिजिशियन_पुणे: तो मुद्दा मान्य. संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झाली असेल तर नव्या गोळ्या चालतच नाहीत, वॉर्फरिनच लागतं. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), हिमोग्लोबिन, बीपी बघूनच गोळी द्यायची. पण बघून द्यायची.

सुनेत्रा_के: माधवदादा, तुमचा राग कळतो. आम्हाला तर दोन्ही धोके कुणी समोर मांडलेच नाहीत. आईला विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे. लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या आजीला सात वर्षं तिनेच न्हाऊमाखू घातलं होतं.